शिवलेलं पाकीट

हे छापायला देण्याआधी मी राहीबाईची परवानगी घेतली आहे. सगळा मजकूर तिच्या ओट्यावर नेऊन दिला. तिनं तो दोन दिवस ठेवून घेतला, दोन ठिकाणी पेन्सिलीनं काट मारली आणि परत केला. त्या दोन जागा इथे नाहीत. राहीबाई हे नावही तिनंच निवडलं. "माज्या आजीचं घाला," ती म्हणाली, "ती काय आता तक्रार कराया येत न्हाई." गावाचं नाव मी गाळतो. लोणंदपासून बारा मैल, एवढं सांगितलं तरी पुरे.

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या वर्षी मी त्या गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला गेलो. मी मूळचा वाईचा. लिहिण्याची खाज होती आणि आपण मराठीत काहीतरी नवीन करणार असा दांडगा विश्वासही होता. साताऱ्याच्या 'पहाटवारा' साप्ताहिकात माझी विज्ञान कादंबरी क्रमशः येऊ लागली, 'भिंतीतला डोळा'. साल २०५०. प्रत्येक घराच्या भिंतीत सरकारमान्य वर्तमानपत्राचा एक डोळा बसवलेला. रात्रभर तो बघतो आणि सकाळी गावाचा अंक निघतो. कोण कुणाशी भांडलं, कोण रडलं, कोणी कुणाला काय लिहिलं, सगळं छापून घरोघर. माझा नायक निरंजन या डोळ्यापासून पळतो आहे आणि पत्रकार त्याच्या मागे लागले आहेत. साताऱ्याच्या वाचकांची पत्रं येत होती की मास्तर, वाचून अंगावर काटा आला. मी ती पत्रं जपून ठेवत होतो.

गावात मात्र फजिती झाली. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. खोलीत बापे होते आणि बाहेर ओट्यावर पाचसहा बाया पदर सावरून बसलेल्या. वाचून संपलं. मी चष्मा पुसत, लोक आता हादरतील म्हणून वाट बघत राहिलो.

आमचा पोस्टमन अर्जुना म्हणाला, "मास्तर, झ्याक हाय. पर ह्यात इपरीत काय झालं? आमच्यात ह्ये रोजचंच चाललंय की."

सगळी खोली हसली. मीही हसलो, दात दाखवले तरी आतून चांगलाच चिडलो होतो.

पण अर्जुना खरं तेच बोलला होता. या गावात घराआड एक माणूस फौजेत. पत्रं भरपूर येत आणि वाचता येणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अकराच्या सुमाराला अर्जुना मारुतीच्या पारावर उभा राही, थैली उघडी आणि एकेक पत्र मोठ्यानं वाचून दाखवी. सारा गाव ऐके. अर्जुना सातवी पास, पण वाचायचा असा की मुलाची आठवण आली की त्याचा गळा दाटायचा आणि बढती मिळाली की छाती फुगायची. कुणाच्या मुलाला थंडीत काय झालं, कुणी सुनेला काय निरोप धाडला, हे पारावरच्या कुत्र्यालाही ठाऊक. आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट, लढाईच्या दिवसांत एका घरी पोरगा गेल्याची तार आली होती. ती अर्जुनानं पारावर वाचली नाही, मान खाली घालून थेट त्या घरी घेऊन गेला. तेव्हापासून गावानं मनाशी एक गाठ बांधली होती की जे पत्र पारावर वाचलं जात नाही ते मरणाचं.

माझ्या वाचनाच्या दिवशी ओट्यावरची एक बाई हसली नव्हती. ती राहीबाई, वय चोवीसच्या आसपास. नवरा कृष्णात फौजेत, वरती बर्फात कुठेतरी. घरी सासू बनुबाई, एक म्हैस आणि दोन एकर जिरायत. मी त्यांच्याकडे शेरभर दुधाचा रतीब लावला होता आणि कृष्णातला जाणारी त्यांची पत्रंही मीच लिहून देत असे. दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन राहीबाई आली, दूध ओतलं आणि दारातच थांबली.

"मास्तर, तुमचा त्यो निरंजन. सुटतोय का शेवटाला?"

"अजून लिहायचंय," मी म्हणालो.

"सुटला तर कसा सुटला ते मला सांगा."

"का हो?"

तिनं तांब्या उंबऱ्यावर टेकवला. मग म्हणाली, "मालकांचं पत्र तिकडं सायेब फोडतोय म्हनं. हितं अर्जुनादाजी वाचतोय. मग सासू दोनदा वाचून घेती. माज्या नावाचं पत्र माज्यापातूर येस्तवर पार उष्टं हुतंय. आन मी लिवायचं तर तुमीच लिवणार. मला एक पत्र असं पायजे, जे म्या लिवलं आन त्येंनीच वाचलं. एकच."

मी दोन हजार पन्नास सालात जे शोधत होतो ते या बाईनं माझ्या उंबऱ्यावर दुधासोबत आणून ठेवलं होतं. मला फार आनंद झाला. आज त्या आनंदाची लाज वाटते, कारण तो तिच्यासाठी नव्हता, माझ्या कादंबरीसाठी होता.

ती लहानपणी दुसरीपर्यंत शिकली होती, मग शेरडं राखायला घातली. अक्षरं पुसट झाली होती, पण पुरती गेली नव्हती. रोज दूध घालायला आली की दहापंधरा मिनिटं ओट्यावर बसायची, सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत, कारण दार लावून शिकवण्याची सोय नव्हती. पाटी माझी. पुस्तक म्हणून 'पहाटवारा'चा अंक. पाचव्या महिन्यात ती माझी कादंबरी बोट ठेवून वाचू लागली आणि तिच्याइतका निर्दय टीकाकार मला पुढे कधी भेटला नाही.

"ह्यो निरंजन येडाच दिसतोय," ती म्हणायची. "डोळा भिंतीत हाय तर भित्तीकडं पाठ करून बसावं."

"डोळा चारी भिंतींत आहे."

"मग पदर घ्यावा. तुमच्या त्या सालात बायास्नी पदर नसतोय व्हय?"

मी म्हणालो, यंत्र पदराच्या आतलंही बघतं. यावर तिनं पाटी पुसली आणि म्हणाली, "न्हाई जमायचं त्येला. सासूला जमलं न्हाई अजून."

त्याच आठवड्यात मी कादंबरीत एक नवी बाई आणली. ती जुनी, विसरलेली लिपी शिकते, कारण डोळ्याला ती लिपी वाचता येत नाही. तिच्या तोंडी वाक्य घातलं, 'माझं पत्र माझ्यापर्यंत येईतो उष्टं होतं.' एवढ्यावर भागलं असतं. पण मला मोठेपणा मिरवायची हौस! प्रकरण पाठवताना संपादक नानासोंना एक चिठ्ठी जोडली की ही बाई खरीखुरी आहे, आमच्याच गावची आहे, फौजीची बायको आहे, माझ्याकडे शिकते आहे. नावही लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नानासो रविवारी फटफटीवरून आले, गळ्यात कॅमेरा. मी त्यांना चहा पाजला आणि स्वतः बरोबर घेऊन गेलो. हे मी लपवणार नाही, स्वतः घेऊन गेलो. राहीबाई गोठ्यात शेण काढत होती. फटफटीचा आवाज ऐकून अर्धा गाव गोळा झाला होता. नानासोंनी वही काढली.

"बाई, नवऱ्याला असं काय लिहायचंय, जे सासूसमोर लिहिता येत नाही?"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. नानासोंनी तसाच फोटो काढला.

शनिवारी एस.टी.नं अंक आले. पहिल्या पानावर भिंतीकडे तोंड केलेली राहीबाई आणि वर ठळक अक्षरांत मथळा, 'भिंतीतल्या डोळ्याची नायिका सापडली! जवानाच्या पत्नीचं गुपित काय?' आत लिहिलं होतं, की ग्रामीण स्त्रीच्या मनाचा ठाव कोण घेणार वगैरे. गावानं घेतला की! एक म्हणे मूल होत नाही म्हणून दुसरी करा असं लिहायचं असेल. दुसरा म्हणे सासू जाचते. तिसऱ्यानं तर माझ्याकडे बघून मिशीत हसायलाही कमी केलं नाही. आणि गावच्या लोकांनी कौतुकानं घड्या घालून अंक आपापल्या पोरांना पलटणीत धाडले. आपल्या गावाचं नाव छापून आलं होतं ना.

महिन्याभरानं कृष्णातचं पत्र आलं. मी त्या दिवशी नेमका पारावर होतो. अर्जुना वाचू लागला. आईला नमस्कार, म्हशीची विचारपूस. मग तो अडखळला. पण लोक थांबले होते, म्हणून त्यानं वाचलं, "राहीस, पेपरातला तुजा फोटू आख्ख्या बराकीनं बगितला. पोरं मला इचारत्यात गुपित काय म्हनून. मी काय सांगू? मलाच ठावं न्हाई."

पारावर कुणी हसलं नाही. राहीबाई उठून गेली. बनुबाई मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सुरकुतलेली, ठेंगणी, माझ्या खांद्याएवढी बाई.

"मास्तर, तुमी शिकलेली मानसं," ती म्हणाली. "माज्या घरात गुपित नव्हतं. तुमी आनलंसा."

दुसऱ्या दिवसापासून दूध बनुबाई आणू लागली. ती तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मान वळवून उभी राहायची.

मी साताऱ्याला जाऊन नानासोंशी भांडलो. आवाज चढवून भांडलो. ते शांतपणे पान लावत होते. म्हणाले, "मास्तर, तिचं वाक्य तुम्ही न विचारता कादंबरीत घातलंत ते साहित्य आणि मी तोंडावर विचारून फोटो काढला ती चहाडी? माझ्या प्रश्नाला ती नाही तरी म्हणू शकत होती. तुम्ही तिला तेवढी तरी सोय ठेवलीत का?" याचं उत्तर मी आजही शोधतो आहे. मग ते म्हणाले, "शेवटचं प्रकरण कधी देताय? लोक विचारताहेत, निरंजन सुटतो का." परतीच्या एस.टी.त मला आठवलं, हा प्रश्न आधी कुणी विचारला होता ते.

दीड महिना असाच गेला. मी शेवटचं प्रकरण लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. मग एका सोमवारी मधल्या सुट्टीत राहीबाई थेट शाळेत आली. पोरं बाहेर खेळत होती. तिनं कंबरेचा पदर सोडवून एक पाकीट टेबलावर ठेवलं.

पोस्टाचंच साधं पाकीट, पण ते चिकटवलेलं नव्हतं, शिवलेलं होतं. तोंडावर लाल दोऱ्यानं गोधडीला घालतात तसा बारीक, दाट धावदोरा. तो टाका एकदा उसवला तर पुन्हा त्याच भोकांतून ओवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

"पत्ता इंग्लिशमदी लागतोय," ती म्हणाली. "मला तेवढं येत न्हाई. तेवढाच लिवा."

"राहीबाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच," ती म्हणाली. कसलीही आदळआपट नाही, गणित तपासल्यासारखं. "लय चुकलं. पर पत्ता लिवाया दुसरं कोन हाय मला?"

मी नंबर, नाव, पलटण, सगळं नीट लिहिलं. इतकं सुवाच्य अक्षर मी परीक्षेतही कधी काढलं नव्हतं. ती म्हणाली, "हितल्या पेटीत टाकू नगा. अर्जुनादाजी वाईट न्हाई, पर त्येला ऱ्हावत न्हाई. लोणंदच्या ठेशनात टाका." मग दारापर्यंत जाऊन ती वळली. "आत म्या लिवलंय त्येंनला, उत्तराला दोनच शब्द हायती, व्हय नायतर न्हाई. दुसरं काय लिवायचं न्हाई. मग सायेब फोडू दे, दाजी वाचू दे, गाव ऐकू दे."

शाळा सुटल्यावर मी सायकल काढली. बारा मैलांचा रस्ता आणि समोर कलतं ऊन. पाकीट शर्टाच्या खिशात. मी जन्मभर पोरांना सांगत आलो की कुतूहल हा विज्ञानाचा पाया आहे. निम्म्या वाटेत, एका लिंबाखाली, माझ्या कुतूहलानं सायकल उभी केली. मी पाकीट उघडलं नाही. पण उन्हाकडे धरलं. धरलं, खोटं कशाला बोलू? पाकिटाचा कागद पातळ होता आणि मला वाटलं, एखादा शब्द, फक्त एखादा.

उन्हात आतली अक्षरं स्वच्छ दिसली. पण ती राहीबाईची नव्हती, छापील होती. तिनं आपल्या पत्राला बाहेरून 'पहाटवारा'चं पान गुंडाळलं होतं. पान माझ्याच कादंबरीचं होतं. उजेडातून दिसत होतं, 'निरंजनने भिंतीकडे पाहिले. डोळा त्याच्याकडेच पाहत होता.'

मी रस्त्याच्या कडेला बसलो. डोळ्यांत पाणी आलं, का ते नेमकं सांगता येत नाही. थोडी लाज होती, आणि बराचसा अभिमान होता, त्या बाईचा. मग उठलो, लोणंदला गेलो आणि स्टेशनावरच्या पेटीत पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला तेव्हाच निघालो.

शेवटचं प्रकरण मी लिहिलं नाही. लिहिता आलं असतं, त्या पाकिटानं दिलेला तयार शेवट माझ्या हातात होता आणि मराठीत तसा शेवट कुणाच्या कादंबरीला नव्हता. पण तो माझा नव्हता. 'लेखकाच्या प्रकृतीच्या कारणास्तव' म्हणून नानासोंनी चौकट छापली आणि निरंजन अजून तिथेच भिंतीसमोर उभा आहे. वाचकांनी शिव्या घातल्या. त्याही पत्रांची फाईल आहे.

चोवीस दिवसांनी पत्र आलं. मला बातमी पोरांनी वर्गात आणली. मी तास सोडून पारावर गेलो, हेडमास्तरांनी नंतर मेमो दिला तो वेगळा. सगळा गाव जमला होता. राहीबाई पुढे होऊन हात पसरून उभी होती. "द्या दाजी, मला वाचाया येतंय." अर्जुना पत्र द्यायलाही लागला होता. तेवढ्यात बनुबाई मधे पडली.

"पारावर वाच अर्जुना," म्हातारी म्हणाली. "गपचीप न्यायचं न्हाई. गपचीप न्यायचं पत्र ह्या गावात कसलं असतंय ते मला ठावं हाय. माजं एकच लेकरू हाय."

मला म्हातारीचा राग होता तो त्या क्षणी गेला. राहीबाईनं सासूकडे बघितलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "वाचा दाजी. मोठ्यानं वाचा. आत्तींना ऐकू जाऊ दे."

अर्जुनानं पत्र फोडलं, घसा खाकरला. गळा दाटवायचा की छाती फुगवायची, हे आधी ठरवावं म्हणून पत्रावरून नजर फिरवली आणि गोंधळला. मग त्यानं वाचलं.

"आईस नमस्कार. मी खुशाल हाय. राहीस, तुजं पत्र पोचलं. व्हय. तुजा कृष्णात."

त्यानं पत्र उलटं केलं. मागे कोरं होतं.

"एवढंच?" कुणीतरी विचारलं.

"एवढंच."

"व्हय म्हंजे? कशाला व्हय?"

कुणाला ठाऊक नव्हतं. सगळा गाव तिथे होता, एकेक अक्षर ऐकलं होतं आणि कुणालाही काही कळलं नव्हतं. बनुबाईला त्याचं काही नव्हतं. "खुशाल हाय म्हनला न्हवं?" तिनं अर्जुनाकडून दोनदा वदवून घेतलं आणि पारावरच बसकण मारली. राहीबाईनं अर्जुनाच्या हातातून पत्र घेतलं, स्वतः एकदा वाचलं, एका शब्दावर बोट ठेवून. तिचा चेहरा मी त्या वेळी बघितला. तो कसा होता हे मी लिहिलं होतं. तिनं काट मारलेली पहिली जागा ती.

अर्जुना माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी तिला शिकिवलंसा. तुमाला तर ठावं असंलच. कशाला म्हनला वो त्यो व्हय?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्याला ते खरं वाटलं नाही. पण खरंच माहीत नव्हतं, आजही नाही, आणि याचा मला जितका आनंद आहे तितका माझ्या कुठल्याही छापील ओळीचा नाही.